सासूबाईंच्या कोपराचे ऑपरेशन करायलाच हवे का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७७ वर्षांच्या आहेत. आम्ही वसमत तालुक्यात राहतो. गेल्या आठवड्यात पहाटे अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरून त्या उजव्या कोपरावर आपटल्या. एक्सरेत कोपराच्या टोकाचे हाड मोडून वर सरकलेले दिसते. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. एका डॉक्टरांनी तारा घालून ऑपरेशन करावे लागेल असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी या वयात ऑपरेशन नको, दोन आठवडे हात गळ्यात अडकवून ठेवा आणि मग हलवायला लागा, असे सांगितले. सरकलेले हाड तसेच कसे सोडायचे, हे घरात कुणालाच पटत नाही. माझे मामेसासरे तर तेलाने चोळून कामट्या बांधणाऱ्याकडे न्यायचे म्हणून अडून बसले आहेत. ऑपरेशन केले नाही तर हात लुळा पडेल का? घरी काय काळजी घ्यावी? पुढच्या महिन्यात लातूरला नणंदेच्या मुलीचे लग्न आहे, तिथे त्यांना नेता येईल का? एक्सरेचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत पाठवत आहे.
— एक वाचक भगिनी, जि. हिंगोली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपला मुख्य प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही आधी सरळ देतो. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. सासूबाईंचे वय, मधुमेह आणि त्यांच्या हाताकडून असलेल्या रोजच्या अपेक्षा पाहता मीही ऑपरेशनकडे लगेच वळलो नसतो. मात्र हा सल्ला काही अटींवर उभा आहे, आणि त्या अटी पूर्ण होतात की नाही हे प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. शिवाय ऑपरेशन न करणे हाही एक उपचारच आहे. त्यात काय केव्हा करायचे हे ठरलेले असते आणि ते पाळले नाही तर तो उपचारही फसतो.

आधी काय मोडले आहे ते समजून घेऊ. टेबलावर कोपर टेकतो तेव्हा जे टणक टोक लागते, ते हाताच्या दोन हाडांपैकी अल्ना या हाडाचे वरचे टोक होय. दंडाच्या मागच्या बाजूचा ट्रायसेप्स हा मोठा स्नायू याच टोकाला चिकटलेला असतो आणि कोपर सरळ करण्याचे काम तो करतो. हाड मोडले की हाच स्नायू सुटलेला तुकडा आपल्याकडे, म्हणजे वर ओढून घेतो. एक्सरेत दिसणारी मोठी फट त्यामुळेच पडली आहे. ही फट प्लास्टरने भरून निघत नाही, कारण बाहेरून कितीही घट्ट बांधले तरी आतला स्नायू ओढायचा थांबत नाही. तरुण माणसात ऑपरेशन करून हा तुकडा तारेने किंवा धातूच्या पट्टीने जागेवर बसवणे हाच सर्वमान्य मार्ग आहे, आणि आपल्याला पहिला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी काही चुकीचे सांगितले असे मी म्हणणार नाही. तोच नियम सत्त्याहत्तराव्या वर्षी लावावा का, एवढाच मतभेदाचा मुद्दा आहे.

या वयात अडचण दुहेरी असते. हाड ठिसूळ झालेले असल्यामुळे तार त्यात नीट रुतून राहत नाही. ती हाड कापत बाहेर येते किंवा तुकडा पुन्हा सरकतो. कोपराच्या टोकावर मांसही नसते. वर असते ती फक्त कातडी, आणि उतारवयात ती इतकी पातळ होते की आतल्या तारेचे टोक बोटाला लागते, टोचते आणि कधी कधी कातडी फाडून बाहेर डोकावते. त्यात मधुमेह असेल तर जखम चिघळण्याची भीती वाढते. मग तार काढण्यासाठी दुसरे ऑपरेशन करावे लागते. एडिंबरो येथील डॉक्टरांनी ७५ वर्षे व त्यावरील रुग्णांत या दोन्ही उपचारांची तुलना करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ऑपरेशन झालेल्या गटात गुंतागुंती इतक्या वाढल्या की अवघे १९ रुग्ण झाल्यावर तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला, आणि वर्षभरानंतर हाताच्या वापरात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. १९ हा आकडा लहान आहे हे मान्य. पण वयोवृद्ध रुग्णांना पाहणाऱ्या अनेक अस्थितज्ज्ञांचा अनुभव याच दिशेचा आहे.

आता अटी पाहू. पहिली अट अशी की कोपराचा सांधा निखळलेला किंवा सैल झालेला नसावा. फक्त टोक तुटले असेल आणि हाताची दोन्ही हाडे दंडाच्या हाडाशी आपापल्या जागी असतील, तरच बिनऑपरेशनचा विचार करता येतो. आपण पाठवलेल्या फोटोत, बाजूने काढलेल्या एक्सरेत, सांधा रेषेत दिसतो. पण मोबाइलच्या फोटोवर मी याहून अधिक भरवसा ठेवणार नाही, आणि आपणही ठेवू नये. दुसरी अट म्हणजे मोडलेल्या जागी जखम नसावी. वरून किरकोळ खरचटले असेल तर हरकत नाही, पण जखम हाडापर्यंत गेली असेल तर ती ऑपरेशन कक्षातच धुवावी लागते. तिसरी गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण डॉक्टरांना ती अवश्य सांगावी. सासूबाई आधीपासून वॉकर किंवा काठीवर भार देऊन चालत असतील, तर हाताने खाली दाब देण्याची ताकद त्यांच्यासाठी चैनीची बाब राहत नाही, आणि मग निर्णयाचे पारडे दुसरीकडे झुकू शकते.

हात लुळा पडेल का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र तो पूर्वीसारखा होईल असेही मी सांगणार नाही. कोपर वाकवणारे स्नायू पुढच्या बाजूला असतात आणि त्यांना काहीही झालेले नाही. त्यामुळे घास तोंडापर्यंत नेणे, चूळ भरणे, डोक्यावर पदर घेणे, केस विंचरणे ही कामे कोपर मोकळा झाला की जमू लागतात. कोपर सरळ करायला ट्रायसेप्स लागतो खरा, पण हात खाली सोडला की त्याच्या स्वतःच्या वजनानेही तो सरळ होतो. शिवाय तुटलेल्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी जाणारे तंतू आणि फटीत तयार होणारा चिवट पडदा मिळून बरेच काम सांभाळून घेतात. ताकद कमी पडते ती ढकलण्याच्या कामांत. फळीवरचा डबा हात उंच करून मागे सारणे, जमिनीवर तळवे टेकून उठणे, काठवटीत ज्वारीच्या पिठाचा मोठा गोळा रेटून मळणे या गोष्टी जड जातील. आपल्याकडे म्हातारी माणसे दिवसभर खाली बसतात आणि हाताच्या रेट्यावर उठतात, म्हणून यातील जमिनीवरून उठण्याचा मुद्दा मी सर्वात महत्त्वाचा मानतो. त्यांच्यासाठी आजपासूनच खुर्ची, बाज आणि उंच कमोडची सोय करावी.

एक गोष्ट आत्ताच मनाशी धरून ठेवावी. सहा महिन्यांनी एक्सरे काढला तरी त्यात ही फट दिसण्याची बरीच शक्यता आहे. तेव्हा कुणीतरी तो उजेडात धरून “हाड जुळलेच नाही” असे म्हणेल आणि घरात पुन्हा घबराट होईल. अशा वेळी एक्सरेऐवजी हाताकडे पाहावे. दुखत नसेल आणि रोजची कामे होत असतील, तर त्या फटीसाठी काहीही करावे लागत नाही. दुखणे खरोखरच टिकून राहिले, तर त्यावर पुढेही उपाय करता येतात. आज ऑपरेशन टाळले म्हणजे ती वाट कायमची बंद झाली असे होत नाही.

आता घरच्या काळजीबद्दल. पहिले दोन आठवडे हात सुमारे काटकोनात वाकवून गळ्यातल्या झोळीत ठेवावा. कोपरापेक्षा मनगट थोडे वर असावे. झोळी जुन्या सुती लुगड्याची असली तरी चालते. गाठ मात्र मानेच्या मणक्यावर न येता बाजूला यावी, नाहीतर दोन दिवसांत मान हातापेक्षा जास्त दुखू लागते. डॉक्टरांनी मागच्या बाजूने कच्चे प्लास्टर दिले असेल, तर कोपराच्या टोकाखाली पुरेसा कापूस आहे ना, हे विचारून घ्यावे. तिथे दाब पडून व्रण झाला तर मधुमेहात तो भरायला फार वेळ लागतो.

बांगड्या आणि अंगठ्या अजून काढल्या नसतील तर हे वाचून होताच काढाव्यात. हा विषय नाजूक असतो, हे मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षे हातात असलेल्या पाटल्या किंवा हिरवा चुडा काढायला वयस्क स्त्रिया मनापासून नकार देतात, आणि घरचे लोकही सूज उतरेल म्हणून वाट पाहतात. पण सूज उतरण्याआधी वाढते, ती मनगटाकडे आणि पंजाकडे सरकते, आणि तोवर बांगडी रुतून बसलेली असते. साबण लावून निघाली तर उत्तम, नाहीतर कापावी. दुसऱ्या हातात त्या खुशाल राहू द्याव्यात.

झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. दर तासाला मूठ पूर्ण बंद करायची आणि पूर्ण उघडायची. खांदाही जागच्या जागी आखडतो, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने थोडे पुढे वाकून, झोळीतला हात डाव्या हाताने सांभाळत, खांदा हळूहळू झुलवावा. काखेत घाम साचून कातडी सोलली जाते, तेव्हा काख रोज पुसून कोरडी करावी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात द्यावे. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नयेत, कारण मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर त्या भारी पडतात. बोटे थंड किंवा निळसर पडली, करंगळीकडची बाजू बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही दुखणे वाढतच गेले आणि बोट सरळ करताच कळ निघू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि बांधलेले सगळे सैल करून घ्यावे. सात ते दहा दिवसांनी एक एक्सरे पुन्हा काढावा. त्यात तुकडा किती हलला यापेक्षा सांधा अजून रेषेत आहे ना, हे पाहायचे असते.

साधारण दोन आठवड्यांनी, दुखणे ओसरू लागले की खरा उपचार सुरू होतो. कोपर हा आखडण्याच्या बाबतीत शरीरातला अत्यंत हट्टी सांधा आहे. मोठ्या माणसाचा कोपर तीन आठवड्यांहून अधिक काळ बांधून ठेवला तर तो मोकळा करायला महिने लागतात, म्हणून कुणी सव्वा महिना पक्के प्लास्टर ठेवायला सांगितले तरी आपण बधू नये. दिवसातून चार-पाच वेळा झोळी काढावी. सासूबाईंना टेबलाशी खुर्चीवर बसवावे, हात टेबलावर पसरू द्यावा आणि त्यांनी तो स्वतःच्या ताकदीने वाकवत तोंडाकडे आणावा, मग सावकाश खाली सोडून सरळ होऊ द्यावा. दहा वेळा झाले की पुरे. त्यानंतर कोपर कमरेशी टेकवून तळहात तीर्थ घेताना करतो तसा वर करावा आणि मग उपडा करावा. हे फिरवणे लोक विसरतात आणि मग हात वाकतो पण ताट धरता येत नाही. पूर्ण सरळपासून पूर्ण वाकण्यापर्यंतची कोपराची सगळी हालचाल परत आलीच पाहिजे असे नाही. सुमारे ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत कोपर हलला तर रोजची बहुतेक कामे होतात. नऊवारीचा कासोटा मागे खोवणे हे त्यातले अवघड काम. ते शेवटी जमेल. हालचाल सहा महिने, कधी वर्षभरही सुधारत राहते.

व्यायामात दुसऱ्याने जोर लावायचा नाही, हे मात्र कटाक्षाने पाळावे. हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली किंवा वाळूची पिशवी धरून उभे राहण्याची पद्धत गावोगाव दिसते. ती घातक आहे. भरलेली घागर, तळवा टेकून उठणे आणि दार रेटणे हे निदान पहिले तीन महिने वर्ज्य समजावे.

मामेसासऱ्यांच्या आग्रहाबद्दल. कामट्या बांधणाऱ्यांवर लोकांचा विश्वास का बसतो, हे समजण्यासारखे आहे. न सरकलेले हाड कुणीही बांधले, अगदी कुणीच बांधले नाही, तरी बहुधा जुळते, आणि श्रेय बांधणाऱ्याला मिळते. कोपराच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटतो. ताज्या दुखापतीनंतर कोपर चोळला, रगडला किंवा जबरीने वाकवला की आजूबाजूच्या स्नायूंत रक्त साचून तिथे नवे हाड तयार होऊ शकते. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. अशा हाडाने सांधा कुलूप घातल्यासारखा अडकतो आणि मग वयाचा विचार न करता ऑपरेशनची गोष्ट काढावी लागते. कामट्या घट्ट बसल्या तर पुढच्या हाताचा रक्तपुरवठा तुटतो. मामांना दुखवू नये. त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्यावे आणि एक्सरे डॉक्टरांनीच दाखवून समजावून सांगावा. आपण सून म्हणून शंभर वेळा सांगण्यापेक्षा ते लवकर पटेल. हळद-चुन्याचा गरम लेपही या पातळ कातडीवर नको. डिंकाचे लाडू साखरेकडे पाहून द्यावेत. हाड जुळवायला डाळ, दूध आणि चालत असल्यास अंडी अधिक उपयोगी पडतील.

हे उत्तर इतर वाचकही वाचतील, म्हणून एक स्पष्ट इशारा देतो. वर लिहिलेले वयोवृद्ध माणसाच्या, कोपराच्या टोकाच्या मोडीपुरते आहे. ते लहान मुलाला लावू नये. झाडावरून किंवा बाजेवरून पडलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलात कोपराच्या जरा वर, दंडाचे हाड मोडते. या सुप्राकॉन्डायलर मोडीचे न सरकलेली, अर्धवट सरकलेली आणि पूर्ण सुटलेली असे तीन प्रकार गार्टलंड यांनी १९५९ मध्ये मांडले आणि आजही तेच वापरले जातात. पहिल्या प्रकारात तीन-चार आठवड्यांचे प्लास्टर पुरते. तिसऱ्या प्रकारात भूल देऊन, बहुधा कातडी न उघडता, हाड बसवून बारीक तारांनी धरावे लागते आणि तिथे दिरंगाई चालत नाही. घट्ट बांधणीने पंजा कायमचा आखडून वाकडा होतो, हे जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले होते; तसे हात दुर्दैवाने अजूनही पाहावे लागतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा मुलात दोन मिलिमीटरहून जास्त सरकला असेल तर साधारणपणे तोही बसवून धरावा लागतो. एक दिलासा असा की मुलांचा आखडलेला कोपर खेळता खेळता आपोआप मोकळा होतो. त्यांना मालीशही नको आणि सक्तीचा व्यायामही नको. दुचाकीवरून पडलेल्या तरुणांमध्ये रेडियस या हाताच्या दुसऱ्या हाडाच्या डोक्याला, म्हणजे कोपराकडच्या टोकाला, नुसती चीर गेली असेल, तर काही दिवस झोळी आणि लगेच हालचाल, एवढेच पुरते.

पुन्हा सासूबाईंकडे येतो. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले, याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत आणि पुढची पाळी खुब्याची असू शकते. खुब्याचे हाड मोडणे कोपराहून कितीतरी गंभीर असते, म्हणून ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची तपासणी करून ठिसूळपणावरचे औषध सुरू करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या गोळीमुळे पहाटे उठताना चक्कर येते का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, हेही पाहून घ्यावे. अंगणातल्या त्या फरशीवर पाणी साचू देऊ नये आणि न्हाणीकडे जाण्याच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा. सासूबाई मिश्री लावत असतील तर ती निदान या काळात सुटावी. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूने हाड जुळण्याला आणि जखम भरण्याला विलंब होतो.

तिसरे मत घ्यावेसे वाटले तर नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. जाताना सगळे एक्सरे मूळ स्वरूपात न्यावेत. ऑपरेशन ठरलेच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून आधीच विचारावे.

लग्नाला सासूबाईंना अवश्य न्यावे. तोपर्यंत हालचाल सुरू झालेली असेल, पण प्रवासात आणि मांडवाच्या गर्दीत झोळी घालूनच ठेवावी, म्हणजे लोक धक्का देणार नाहीत आणि हात धरून ओढणार नाहीत. एसटीत त्यांच्या उजव्या बाजूला घरचेच माणूस बसवावे. चढता-उतरताना आधार कमरेला आणि डाव्या हाताला द्यावा. पंगत जमिनीवर असेल तर त्यांच्यासाठी एक खुर्ची आधीच सांगून ठेवावी.